नावं ठेवण्याचा उद्योग

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गेल्या महिन्यात एका लग्नाला मारेगावला जाणं झालं. जेवणं आटोपल्यावर मांडवात खुर्च्यांचं कडं करून आम्ही सगळे बसलो होतो आणि माझ्या भाचीचा विषय निघाला. तिने नागपूरला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलंय. आता समुद्रातल्या एका सूक्ष्म शेवाळाच्या जीवाश्मांच्या वर्गीकरणावर तिला पीएच.डी. करायची आहे.

मामा म्हणाले, "एवढी शिकली पोरगी, अन् करनार काय, तं शेवाळाले नावं ठेवनार! मारेगावात कुठी आला समुद्र?"

मांडवभर हशा. दुसऱ्या एका नातेवाइकाने पुस्ती जोडली, "अन् ते शास्त्रज्ञ दर काही वर्षांनी नावं बदलतात म्हणे. मग त्यात शास्त्र कुठलं?" भाची मान खाली घालून हसली. मीही हसलो. तेच तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. म्हणून हे उत्तर, उशिरा का होईना. (मामा हे वाचणार आहेत, याची मला पूर्ण कल्पना आहे!)

आधी ते शेवाळ. कोकोलिथोफोर हे त्याचं नाव. एकच पेशी, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान. पण अंगावर कॅल्साइटच्या नक्षीदार तबकड्यांचं चिलखत. पेशी मेली की तबकड्या तळाशी बसतात आणि लाखो वर्षांत त्यांचे थर होतात. इंग्लंडमधले डोव्हरचे पांढरे कडे मुख्यतः अशाच तबकड्यांचे बनलेत.

मांडवात कोणीतरी म्हणालं होतं, "मंग आपल्या वणी-मुकुटबनच्या चुनखडीतबी तेच असन." नाही. आपली पैनगंगा खोऱ्यातली ही चुनखडी ५४ कोटी वर्षांहून कितीतरी जुनी. कोकोलिथचे सर्वांत जुने जीवाश्म साधारण २१ कोटी वर्षांपूर्वीचे. दोन्हीकडे खनिज तेच, कूळ वेगळं. बघा, "चुना म्हणजे चुना" म्हणून भागत नाही, ते इथपासूनच.

आता मामांसाठी. मामा, तुमच्या कपाशीवर हिरवी बोंडअळी येते आणि गुलाबीही येते. तुम्ही नुसतं "अळी पडली" म्हणून थांबता का? गुलाबीचा कामगंध सापळा हिरवीला चालत नाही. हिरवी बोंडाला बाहेरून भोक पाडून खाताना दिसते, गुलाबी आत दडून बसते. २०१७ साली विदर्भात गुलाबीने जो हाहाकार केला, तो बीटी बियाणं लावूनही केला. फुलाची डोमकळी झालेली पाहून कोणती अळी आहे ते तुम्ही बांधावरून सांगता. याला वर्गीकरण म्हणतात, मामा. आयुष्यभर तुम्ही तेच करत आलात, फक्त पीएच.डी. मिळाली नाही.

राहिला प्रश्न नावं बदलण्याचा. थॉमस हक्सले हा एकोणिसाव्या शतकातला नामांकित जीवशास्त्रज्ञ. अटलांटिकच्या तळच्या गाळात सापडलेल्या या तबकड्यांना 'कोकोलिथ' हे नाव त्यानेच १८५८ साली दिलं. पुढे १८६८ मध्ये, बाटलीत अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या त्याच गाळात त्याला एक चिकट पदार्थ दिसला. हा समुद्राच्या तळाशी पसरलेला आदिम जीव आहे आणि तबकड्या त्याच्याच शरीराचा भाग आहेत, असं ठरवून त्याने त्याला 'बॅथिबियस' असं नावही देऊन टाकलं. मग 'चॅलेंजर' जहाजावरच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल घातलं की कॅल्शियम सल्फेटचा साका खाली बसतो, तोच हा 'जीव'! हक्सलेने १८७५ मध्ये चूक जाहीरपणे मान्य केली. आपल्याकडे मोठ्या माणसाने मांडवात बोललेलं वाक्य तरी कोणी मागे घेतं का?

आणि गंमत म्हणजे आज या शेवाळातली सर्वांत विपुल जात त्याच हक्सलेच्या नावाने ओळखली जाते, एमिलिआनिआ हक्सलेयी. तिचं घराणं नोएलरॅब्डेसी. १९०२ साली तिला एका प्रजातीत घातलं, नंतर दुसरीत, १९६७ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती केली. २०२३ मध्ये जनुकांच्या अभ्यासावरून मांडलं गेलं, की ती जेफायरोकॅप्सा या प्रजातीतलीच आहे, वेगळं बिऱ्हाड नको. आमचे नातेवाईक याला धरसोड म्हणतात. मी म्हणतो, सात-बारावर चुकीचं नाव चढलं तर फेरफार करायचा नाही का?

मान्य, चुका वर्गीकरणवाल्यांच्याही आहेत. केवळ तबकडीचा आकार बघून नावं वाटली गेली. एकाच शेवाळाच्या आयुष्यातल्या दोन अवस्थांना दोन जाती समजलं गेलं. पण १९६० साली ही चूक उघडी पाडली ती मेरी पार्क आणि आयरीन अ‍ॅडम्स या दोघींनी, जिवंत पेशी वाढवून, डोळ्यांत तेल घालून. नावं ठेवणाऱ्यांनीच नावं दुरुस्त केली. बाहेर बसून हसणाऱ्यांनी नव्हे.

"पण उपयोग काय?" हा हुकमी एक्का. तर ऐका. हेच घराणं अल्केनोन नावाचे मेदासारखे पदार्थ बनवतं. पाणी किती गरम, यावर त्यांचं प्रमाण ठरतं, आणि ते गाळात टिकतात. अरबी समुद्राच्या तळच्या गाळातून हजारो वर्षांपूर्वीचं पाण्याचं तापमान असंच काढलं गेलंय. एमिलिआनिआ पहिल्यांदा दिसते ती साधारण २ लाख ९० हजार वर्षांपूर्वी, म्हणून ती सापडली की थर त्याहून जुना नाही हे कळतं. घराणं ओळखण्यात चूक झाली तर थराचं वयही चुकलं आणि तापमानाचा हिशोबही. मामा, ज्या पावसाकडे डोळे लावून तुम्ही जूनमध्ये सरकी टोबता, तो येतो त्याच समुद्रावरून. मारेगावात समुद्र दरवर्षी येतो, आकाशातून येतो.

असो. मुद्दा शेवाळाचा नाहीच. आपल्याकडे नाव देणं आणि नावं ठेवणं यांना जवळजवळ एकच शब्द आहे. पहिल्याला जन्म घालवावा लागतो, दुसऱ्याला जेवणानंतरची पंधरा मिनिटं पुरतात. त्या दिवशी मी दुसऱ्यांच्या कडेला बसलो होतो. भाचीने बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय असं कळलं. पोरी, भर हवा तर, पण आमच्या हसण्यामुळे भरू नकोस.