बाळंतिणीच्या शेजारी बसा

दरवर्षी 1 ते 7 ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह. नेमक्या याच दिवसांत वाशीम जिल्ह्यात सोयाबीनचे निंदण जोरात असते. मालेगाव तालुक्यात, अकोला-पूर्णा लोहमार्गावर असलेल्या जऊळक्यासारख्या गावाने या सप्ताहाकडे कसे पाहावे? 'आईचे दूध अमृत' ही घोषणा ठाऊक असलेल्या बाईलाही लेकरू घरी ठेवून, डबा बांधून शेताची वाट धरावी लागते.

जन्मल्यावर तासाभरात पाजावे, सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षे पाजत राहावे, हे सांगून झाले आहे. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 88.6 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली आणि तासाभरात दूध मिळाले ते 41.8 टक्के बाळांना. बाई दवाखान्यात पोचली. बाळ मात्र वेळेत आईच्या छातीशी पोचले नाही. सिझर झालेली आई गुंगीत असते, तोवर कुणी मधाचे बोट चाटवते, कुणी गुळाचे पाणी पाजते. पिवळसर चीक 'पचायला जड' म्हणून पिळून टाकला जातो. खरे तर तो चमचा-दीड चमचा चीकच इवल्या पोटाला पुरतो आणि रोगांशी लढायचे पहिले बळ देतो.

मग चौथ्या-पाचव्या दिवशी घरात शब्द येतो, 'दूध पुरत नाही.' पुष्कळदा दूध असते. बाळाची पकड चुकलेली असते. नुसते बोंड तोंडात गेले की आईला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहते. तोंड मोठे उघडलेले, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात, ही खरी पकड. ती भिंतीवरचा फलक वाचून येत नाही. कुणीतरी शेजारी बसून, बाळाला आधार देऊन दाखवावी लागते.

आशाताईंच्या घरभेटी त्यासाठीच आहेत: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या भेटीत रकाना भरण्याआधी एक पाजणे पूर्ण पाहिले जावे. सासूबाईही तेव्हा समोर असाव्यात, कारण डब्याच्या दुधाचा निर्णय अनेकदा आईच्या हाती नसतो.

उरतो तो शेताचा प्रश्न. नोकरदार बाईला 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. निंदणाच्या मजुरीला रजा नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली, तर सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद केली होती. तोच विचार ग्रामपंचायतीने निंदणाच्या हंगामात अंगणवाडीत आणावा आणि शेतमालकांनी लेकुरवाळीला पाजायला जाण्याची सवड मजुरी न कापता द्यावी.

आईला उपदेश भरपूर मिळाला. आता तिला तिसऱ्या दिवशी शेजारी बसणारी बाई हवी आणि तिसऱ्या महिन्यात धुऱ्यावरून घरी जायची मोकळीक हवी. या दोन्ही गोष्टी गावाच्या हातात आहेत.