बालेकिल्ला राहिला तर राहिला!

शुक्रवार संध्याकाळ झाली की आपल्या हॉस्टेलवर दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. एक, "उद्या मेसमध्ये काय आहे?" आणि दुसरा, "रविवारी कुठला गड?" पुण्यात शिकायला यायचं आणि चार वर्षांत एकदाही सिंहगड चढायचा नाही, असा प्राणी आपल्याकडे शोधून सापडणार नाही. ही चांगलीच गोष्ट आहे. पण मला एक गोष्ट खटकते. गडावरून आलेल्याला "काय पाहिलंस?" असं कुणी विचारत नाही. "किती मिनिटांत चढलास?" असं विचारतात. आतकरवाडीच्या वाटेनं पन्नास मिनिटांत वर पोचणारा हीरो, दीड तास लावणारा 'अंकल'. आणि जो अर्ध्या वाटेवरून परत आला त्याची तर सेमिस्टर संपेपर्यंत सुटका नाही.

मित्रांनो, मला आज त्या परत येणाऱ्याची बाजू मांडायची आहे.

मागे एकदा पावसाळ्यात पैसे भरून जायच्या एका ट्रेकला मी गेले होते. चाळीस-पंचेचाळीस जण, एक लीडर, एक शिट्टी. निम्म्या चढावर एका मुलीला उलटी झाली. ती म्हणाली, "मी इथेच थांबते." लीडर म्हणाला, "अगं, आलंच! पाचच मिनिटं राहिलीत." ही पाच मिनिटं पाऊण तास चालली. तिला वर नेलं, फोटो काढला, टाळ्या वाजवल्या. उतरताना मात्र तिचे पाय लटपटत होते. दोघांनी धरून धरून खाली आणेपर्यंत मिट्ट काळोख झाला. बसमध्ये सगळे तिला म्हणत होते, "बघ, जमलं की नाही!" मला कळेना, यात नक्की काय जमलं?

याच्या अगदी उलट उदाहरण माझ्या घरातच आहे. माझे बाबा १९९४ मध्ये कॉलेजात असताना तीन मित्रांबरोबर राजगड-तोरणा करायला निघाले होते. स्वारगेटहून एसटीनं मार्गासनीला उतरायचं, पुढे साखरवरून गुंजवण्यापर्यंत चालत. रात्री पद्मावतीच्या देवळात मुक्काम, खिचडी, गप्पा. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून उतरून डोंगरधारेनं तोरण्याची बुधला माची गाठायची, असा बेत होता. पण संजीवनीवरच एकाचा पाय मुरगळला. चौघंही परत फिरले. "त्याला एकट्याला पाठवलं नाही का?" असं मी विचारलं तर बाबांना प्रश्नच समजला नाही. तोरणा त्यांचा आजतागायत राहिलाय. तो मित्र मात्र दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला येतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं महाराजांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात राजगड आहे म्हटल्यावर बाबांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. डिसेंबरात आम्ही दोघं गेलो. एकतीस वर्षांनी! चोर दरवाज्याचा शेवटचा चढ रेलिंगला धरून, चार वेळा थांबत ते चढले. पद्मावती माचीवर आलो तेव्हा दीड वाजला होता. समोर बालेकिल्ला, त्याच्या पायऱ्यांवर ही गर्दी! मी म्हटलं, "बाबा, एवढं आलो तर चला ना." ते म्हणाले, "चढून जाईन गं मी. उतरायचं काय? गुंजवण्यात पोचायला मला तीन तास धर, आणि सहाला अंधार पडतो. तू जाऊन ये." आणि देवळाजवळ ताक विकणाऱ्या मावशींशी गप्पा मारत खुशाल बसले. मी वर जाऊन आले. ना त्यांच्या चेहऱ्यावर खंत, ना परतीच्या वाटेवर "गेलो असतो तर" असलं काही.

हा हिशेब आपण इंजिनिअर होणाऱ्यांनी तरी समजून घ्यायला नको का? चढताना दम लागतो, तो बसलं की जातो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं सगळं वजन पेलत असतात, आणि पावलागणिक गुडघ्याला दणका बसतो. म्हणजे माथा ही ट्रेकची फक्त अर्धी वाट. सगळी ताकद तिथेच संपवणं म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी एक धरून पूल बांधण्यासारखं आहे. व्हायव्हात असं उत्तर दिलं तर सर बाहेर काढतील!

मोठ्या पर्वतांवर तर हा हिशेब जिवाचा असतो. स्वीडनचा योरान क्रॉप हा गडी स्टॉकहोमहून सायकल मारत नेपाळला आला आणि ३ मे १९९६ रोजी एकट्यानं, ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय एव्हरेस्टच्या माथ्याजवळ पोचला. शिखर जेमतेम तासाभराच्या अंतरावर होतं. पण उशीर झाला होता, म्हणून तो परत फिरला. पुढच्याच आठवड्यात, १० मेला, अनुभवी लोकांच्या तुकड्या परतायची वेळ टळून गेल्यावरही वर जात राहिल्या. वादळानं गाठलं आणि आठ जण गेले. २३ मेला क्रॉप पुन्हा चढला आणि शिखरावर पोचला.

एवढं लांब तरी कशाला जायचं? १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले सोडले. त्यात कोंढाणाही होता, म्हणजे आपला सिंहगड. राजगड आणि तोरणा मात्र राखले. १६६६ मध्ये आग्र्याहून निसटून महाराज परतले ते राजगडावरच, आणि १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा परत घेतला. गडावर जाऊन 'जय शिवाजी'चा घोष करणाऱ्यांनी माघारीला पळपुटेपणा म्हणू नये, एवढंच म्हणणं आहे.

यावर कुणी म्हणेल, अशानं कुणी काही पूर्णच करणार नाही, जरा दम लागला की परत! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तर 'नेव्हर गिव्ह अप'चं पोस्टर वर्गावर्गात लावलेलं होतं. मला हे म्हणणं मान्य आहे. कंटाळा आला म्हणून बसणं वेगळं. पण आपलं शरीर, घड्याळ आणि आभाळ बघून ठरवणं वेगळं. पहिल्याला ढकलावं, दुसऱ्याचं ऐकावं. आणि शंका असेल तर दुसऱ्याच्या बाजूनं कौल द्यावा, कारण चूक झाली तरी पुढच्या रविवारी गड तिथेच असतो.

म्हणून आपल्या ट्रेकिंग क्लबला तीन सूचना. एक, नोटीस बोर्डावर निघायच्या वेळेसोबत परत फिरायची वेळही लिहा. ती वेळ झाली की आहे तिथून सगळे मागे, मग माथा समोर दिसत का असेना. दोन, ज्याला थांबायचंय त्याच्याबरोबर एक जाणता माणूस थांबेल, हे निघण्यापूर्वीच ठरवा, म्हणजे "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा" या लाजेपायी कुणी ओढत ओढत वर जाणार नाही. तीन, "पाचच मिनिटं राहिलीत" हे वाक्य बंद. खरा आकडा सांगा, त्याचं त्याला ठरवू द्या.

तिन्हींना एक पैसाही खर्च नाही. पुढचा ट्रेक पावसाळ्यातला आहे, तेव्हा निदान त्याच्या नोटिशीपासून सुरुवात व्हावी. बघा पटतंय का!