मार्गशीर्षातील सावली

घराच्या गच्चीवर वीज निर्माण करणे ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आणि तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान देऊ केले. मध्यमवर्गास तिचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच होय. परंतु संच बसविला की आपले कर्तव्य संपले, ही समजूत आम्हांस घातक वाटते. संचाची खरी परीक्षा हिवाळ्यात होते.

वस्तुतः हा ऋतू सौरविजेस प्रतिकूल नव्हे. आकाश निरभ्र असते आणि पॅनेल फार तापत नसल्याने त्याची कार्यक्षमता वाढते. अडचण आहे ती सावलीची. मेच्या मध्यास पुण्यात मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर असतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस तो क्षितिजापासून अवघा ४८ अंश वर येतो. उन्हाळ्यात निरुपद्रवी भासणारी पाण्याची टाकी मार्गशीर्षात भर दुपारीही जवळजवळ आपल्या उंचीएवढी सावली उत्तरेकडे टाकते. सकाळ-सायंकाळी तर ती कितीतरी लांबते. पॅनेले एका साखळीत जोडलेली असली, तर एकावरील सावलीने साऱ्या साखळीचे उत्पन्न घटू शकते.

यास्तव आमचे स्पष्ट मत असे की, डिसेंबरमधील सावली कोठवर पोहोचेल हे ठेकेदाराने आराखड्यातच लेखी दाखविले पाहिजे आणि अनुदान देणाऱ्या यंत्रणेने ते तपासले पाहिजे. हा पैसा जनतेचा आहे. गृहनिर्माण संस्थांनीही गच्चीवर नवी शेड वा टाकी उभारण्यापूर्वी हा विचार करावा.

ग्राहकाची जबाबदारीही लहान नाही. पॅनेलांचे तोंड दक्षिणेस आणि कल सुमारे १८ अंश असावा. सांगाडा हलता असल्यास हिवाळ्यात तो तीसपर्यंत वाढवावा. पावसाळा सरल्यावर साचणारी धूळ सकाळी, पॅनेल थंड असताना, क्षारविरहित पाण्याने धुवावी. पंप, इस्त्री, धुलाईयंत्र ही कामे दहा ते तीनच्या दरम्यान उरकावीत. नेट मीटर विजेचा हिशेब जुळवून देतो, हे खरे. तथापि सूर्यास्तानंतर आपण वापरतो ती वीज मुख्यतः कोळसा जाळूनच येते, याचे विस्मरण सुशिक्षित नागरिकास तरी होऊ नये.