क्षणचित्रें आणि सुटलेला संकल्प

एका वाचक भगिनीनें पत्रानें विचारलें आहे : "माझा मुलगा यंदा दहावीस आहे. दोन वर्षांपूर्वीं तो जाडजूड कादंबऱ्या एका बैठकींत संपवीत असे. आतां चार पानें वाचून पुस्तक पालथें घालतो. मोबाईलवर मात्र रीलमागून रील पाहण्यांत त्याचे दोन दोन तास जातात. घरांतील वडील मंडळी म्हणतात, ह्याचा मेंदू बिघडला. आतां ह्यास शास्त्रशाखेकडे घालण्यांत अर्थ नाहीं. हें खरें काय?" हा प्रश्न एकाच घरचा नव्हे, म्हणून उत्तरहि सर्वांकरितां देणें इष्ट वाटतें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, 'मेंदू बिघडला' असा निकाल देण्यास आज पुरेसा आधार नाहीं. अशीं क्षणचित्रें पुष्कळ पाहणाऱ्या तरुणांचें अवधान कमी भरतें, असें अनेक पाहण्यांतून दिसून आलें आहे. परंतु चित्रें पाहून अवधान घटलें, कीं ज्यांचें चित्त मुळांतच चंचल तेच ह्या चित्रांकडे अधिक ओढले गेले, हें केवळ अशा पाहण्यांवरून ठरत नाहीं. साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. माणसाचें अवधान सोनेरी माशाहूनहि अल्प झाल्याचें वाक्य सर्वत्र ऐकूं येतें. त्यासहि प्रयोगाचा आधार नाहीं. शिवाय ज्या मुलास पुस्तकाचीं चार पानें जड जातात, तोच क्रिकेटचा सामना अथपासून इतिपर्यंत पाहतो. म्हणजे शक्ति नाहींशी झालेली नाहीं. योगशास्त्रांत चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध अशा पांच भूमि सांगितल्या आहेत. आपला मुलगा मूढ नव्हे, विक्षिप्त आहे. आणि विक्षिप्त चित्त अधूनमधून कां होईना, स्थिर होऊं शकतें.

मग बिघडतें तें काय? म्यूनिक येथील संशोधकांनीं २०२३ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. साठ जणांस पडद्यावर एक काम दिलें, आणि मधूनच ठरलेली खूण दिसली म्हणजे निराळी कृति करण्याचें लक्षांत ठेवावयास सांगितलें. मध्यें दहा मिनिटांची सुटी. त्या सुटींत कोणी नुसते बसले, कोणी ट्विटर वाचलें, कोणी यूट्यूबवरील व्हिडिओ पाहिला, तर कोणी टिकटॉकवरील क्षणचित्रें पाहिलीं. पुन्हा कामास लागल्यावर क्षणचित्रें पाहणाऱ्यांची ती ठरलेली कृति करण्याची आठवण स्पष्टपणें ढासळली. इतरांची तशी ढासळली नाहीं. प्रयोग लहान आहे व परिणामहि तात्कालिक आहे. तथापि त्यांतून दिसलेली गोष्ट महत्त्वाची आहे : गेली ती बुद्धि नव्हे, गेला तो संकल्प.

आपल्या घरांत पूजेस बसतांना देशकालाचा उच्चार करून, मी अमुक कर्म करीन, असा संकल्प करितात. मोबाईलपुढें नेमकें ह्याच्या उलट घडतें. एकादशी कधीं आहे हें पाहण्यास आपण तो हातीं घेतों, आणि अर्ध्या तासानें एकादशी न पाहतांच खालीं ठेवितों. कारण उघड आहे. दर पाऊण मिनिटास स्थळ, आवाज व रस बदलतो. पहिला धागा हातीं राहत नाहीं. पुढें काय येईल तें ठाऊक नसतें. कबुतरास दाणा केव्हां मिळेल ह्याचा नेम नसला म्हणजे तें अधिक चिकाटीनें चोंच मारीत राहतें, हें फर्स्टर व स्किनर यांनीं १९५७ च्या ग्रंथांत सविस्तर दाखविलें आहे. त्यांत क्षणचित्रांस शेवट नाहीं. पुस्तकाचा अध्याय संपतो, तेथें वाचक थांबूं शकतो. येथें थांबण्याचें ठिकाणच ठेवलेलें नाहीं. आणि मनास आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग तर पंचविशीच्या सुमारास परिपक्व होतो. पंधरा वर्षांच्या मुलानें केवळ स्वबळावर हा मोह जिंकावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

सरकारनें बंदी घालावी म्हणून वाट पाहण्यांतहि हंशील नाहीं. २९ जून २०२० रोजीं भारतांत टिकटॉकवर बंदी आली. जुलैंत इन्स्टाग्रामनें येथें रील सुरू केली आणि सप्टेंबरांत यूट्यूबनें शॉर्ट्स. एक दार लागलें, दोन उघडलीं. दाराशीं पहारा घरच्यांनींच केला पाहिजे.

तो असा करावा. अभ्यासाच्या मधल्या सुटींत विश्रांति म्हणून रील पाहूं देऊं नये; गच्चीवर चार फेऱ्या घालाव्या, पाणी प्यावें. अभ्यासाच्या वेळीं मोबाईल दुसऱ्या खोलींत असावा. तो हातीं घेतांना, मी अमुक पाहण्यास घेत आहें, असें मोठ्यानें म्हणावें, आणि तें झालें कीं ठेवावा. हा नियम आजोबांपासून सर्वांस लागू असावा; झोपाळ्यावर बसून स्वतः रील पाहणाऱ्याचा उपदेश नातू ऐकत नाहीं. आणि रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील एकानें एखाद्या चांगल्या पुस्तकाचें एक प्रकरण मोठ्यानें वाचावें. आरंभीं दहा मिनिटें पुरेत. वाचण्याची पाळी मुलावरहि यावी. गेलेली संवय अशी चारचौघांत, थोडीथोडी परत येते.

भगिनीस एवढेंच सांगणें कीं, शाखेचा निर्णय मुलाची आवड व त्याचे गुण पाहून करावा, आणि तोहि शाळेचा निकाल लागल्यावर. तोंवर त्याच्यादेखत 'बिघडला' हा शब्द घरांत कोणीहि उच्चारूं नये. रील पाहून जेवढें नुकसान होतें त्याहून अधिक, आपण बिघडलों आहों असें मुलास पटल्यानें होईल.