डिप्लोमावाले आणि एम-थ्री

आपल्या हॉस्टेलवर 'डिप्लोमावाले' हा शब्द दोन सुरांत ऐकू येतो. लेथवर जॉब सेंटर होत नसेल तर कौतुकानं, आणि एम-थ्रीचा निकाल लागला की कीव केल्यासारखा. "यांचं गणितच कच्चं असतं," असं काही सरही बोलून जातात. मी स्वतः तंत्रनिकेतनात तीन वर्षं काढून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, तेव्हा बोलायचा थोडा हक्क मलाही आहे.

मित्रांनो, गणित कच्चं नसतं, मधल्या दोन पायऱ्याच नसतात. डिप्लोमाचं गणित बहुतेक शाखांना पहिल्या वर्षातच आटोपतं. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, साधी डिफरन्शियल इक्वेशन्स, बस्स. पार्शल डिफरन्सिएशन आणि मल्टिपल इंटिग्रल बारावीवाले इथे एम-वन, एम-टूला शिकतात. आम्ही ते न बघताच व्हेक्टर कॅल्क्युलसला बसतो. ग्रेडियंट म्हणजे पार्शल डेरिव्हेटिव्हच की! ते माहीत नसेल तर फळ्यावरचा तो उलटा त्रिकोण नुसतं चित्र. त्यात कॅप राउंड लांबले की आम्ही बॅग घेऊन येईपर्यंत पहिलं युनिट संपलेलं. शाखा बदलून येणाऱ्याचे हाल तर विचारूच नका. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कॉम्प्युटरला येता येतं, नियमात बसतं, पण डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला पॉइंटर कोण शिकवणार?

कॅलिफोर्नियात पोरं दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून मग युनिव्हर्सिटीत जातात. तिथे 'असिस्ट' नावाची सोय आहे. कुठल्या कॉलेजचा कोणता कोर्स कुठल्या सरकारी विद्यापीठात कशाच्या जागी चालतो, हव्या त्या शाखेसाठी आधी काय करून यायचं, सगळं उघड मांडलेलं. तिथेही पोरं अडकतात, स्वर्ग नाही तो. पण आपलं काय राहिलंय हे आधी कळतं तरी.

आपल्याकडे ए.आय.सी.टी.ई.नं विद्यापीठांना ब्रिज कोर्स घ्यायला सांगितलंय. आमच्या बॅचचा ब्रिज कोर्स दोन शनिवारांत उरकला, त्यातला एक ओळखपरेडीत गेला. मला वाटतं, कोर्सच्या आधी एक कागद द्या. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विषयापुढे 'हे येत असायला हवं' एवढंच लिहिलेला, अ‍ॅडमिशनच्या दिवशी हातात. एच.ओ.डी. सरांनी मनावर घेतलं तर एका दुपारचं काम आहे.

आणि गावाकडं कुणाचा भाऊ-बहीण सहाव्या सेमिस्टरला असेल तर त्याला आत्ताच सांगा: परीक्षा संपल्यापासून कॅपची यादी लागेपर्यंतचे दिवस मोकळे असतात, तेवढ्यात एम-वन, एम-टूचे हे दोन टॉपिक सहज होतात. हॉस्टेलवाल्यांनो, एम-टूच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका. माझ्या खोलीत आणून टाका, नवीन पोरं आली की लागतील.