हरलेल्याची खुर्ची आणि कपाळावरचा शिक्का

आपल्या मेळाव्यांत प्रतिनिधित्वाचा विषय निघाला की कोणीतरी उठून मॉरिशसचे नाव घेतोच. 'तो एवढासा बेटाचा देश! तिथे संसदेत मुसलमानांच्या जागा राखीव आहेत!' टाळ्या पडतात. एकदा मीही वाजवल्या. मग घरी येऊन वाचायला बसले, तेव्हा कळले की टाळी चुकीच्या जागी वाजवली होती.

मॉरिशसच्या संसदेत मुसलमानांसाठी एकही जागा राखीव नाही. मुख्य बेटावर 20 मतदारसंघ, प्रत्येकातून 3 खासदार. दूरच्या रॉड्रिग्ज बेटाचे 2. असे 62. मतदार यादी सगळ्यांची एकच. हिंदूने हिंदूला आणि मुसलमानाने मुसलमानालाच मत द्यावे अशी सोय तिथे नाही. मतदाराच्या हाती तीन मते असतात, त्यामुळे पक्षाला तीन उमेदवार निवडताना वस्तीकडे बघावेच लागते. मतमोजणी झाल्यावर, ज्या जमातीची माणसे कमी निवडून आली असतील त्या जमातीच्या, चांगली मते घेऊन हरलेल्या उमेदवारांतून जास्तीत जास्त 8 जण संसदेत घेतात. याला तिथे 'बेस्ट लूझर' म्हणतात. पहिल्या चार जागा देताना पक्ष बघत नाहीत, पुढच्या चार देताना पक्षांचे बळाबळ बिघडू नये हेही बघतात.

ही पद्धत कोणी खुशीने दिलेली खैरात नव्हती. 12 मार्च 1968 ला मॉरिशस स्वतंत्र झाला, पण 1967 च्या निवडणुकीत सुमारे 44 टक्के मते स्वातंत्र्य मागणाऱ्या आघाडीच्या विरोधात पडली होती. इंग्रज गेल्यावर निम्म्याहून अधिक असलेल्या हिंदूंच्या राज्यात आपण बुडून जाऊ, ही भीती अनेकांना होती. मुसलमान तिथे साधारण सहावा हिस्सा. त्यांचे पुढारी अब्दुल रझ्झाक मोहम्मद, जन्माने कलकत्त्याचे, यांनी ही भीती ओळखली आणि तरीही शिवसागर रामगुलाम यांच्या मजूर पक्षाबरोबर स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिले. स्वातंत्र्याला दोन महिने असताना, जानेवारी 1968 मध्ये, पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान टोळ्यांत दंगल पेटली. माणसे मेली, कुटुंबांनी मोहल्ले सोडले, ब्रिटिश फौज आणावी लागली. अशा वेळी हरलेल्यालाही दार उघडे ठेवणे शहाणपणाचे होते, यात मला शंका नाही.

माझी तक्रार त्या दारावर बसवलेल्या चौकीदाराची आहे. उमेदवाराने अर्ज भरताना आपली जमात लिहून द्यायची. खाने चार : हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे, आणि उरलेले 'सर्वसाधारण लोक'. या चौथ्या खान्याची राज्यघटनेतली व्याख्या वाचा. 'जीवनपद्धतीवरून' जो पहिल्या तिघांत बसत नाही, तो चौथा! म्हणजे ऊसमळ्याच्या गोऱ्या मालकाचा पणतू आणि त्याच मळ्यावर आफ्रिकेतून, मादागास्करहून आणलेल्या गुलामाचा पणतू, दोघे एकाच खान्यात. कोणाचे प्रतिनिधित्व कोण करणार, हे विचारायची सोय नाही. आणि जागा वाटायच्या त्या 1972 च्या जनगणनेच्या आकड्यांवर, कारण त्यानंतरच्या जनगणनांत जमात विचारणेच बंद झाले. देशाने माणसांना जमात विचारणे सोडले, उमेदवाराला मात्र सोडले नाही. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने ही सक्ती मनमानी असल्याचे म्हटले. 2014 च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली. 2019 मध्ये जमात लिहायला नकार देणाऱ्या उमेदवारांचे अर्ज पुन्हा बाद झाले.

यावर काही मंडळी म्हणतात, मग पद्धतच काढून टाका, सगळे नागरिक सारखे. हे म्हणणारे बहुधा संख्येने निवांत असलेले असतात, मग ते मॉरिशसचे असोत की आपल्याकडचे. 1982, 1995 आणि 2024 अशा तीन निवडणुकांत मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीने जिंकल्या. त्या वेळी तिथल्या विरोधकांची मोजकी माणसे याच दारातून आत आली. दार राहू द्या. शिक्का काढा. मतांच्या टक्केवारीने हरलेल्यांना जागा देता येतात, त्यासाठी कोणाची जीवनपद्धती तपासावी लागत नाही.

खुर्च्या मोजणाऱ्यांनी फेब्रुवारी 2002 ची गोष्टही वाचावी. कासम उतीम 1992 पासून देशाचे राष्ट्रपती. दहशतवादविरोधी कायद्याचे विधेयक सहीला आले. नागरिकांचे हक्क यात तुडवले जातील, म्हणून त्यांनी सही नाकारली आणि राजीनामा दिला. उपराष्ट्रपती अंगिडी चेट्टियार हे तमिळ. त्यांनीही सही न करता पद सोडले. विधेयक पुढे तिसऱ्याच्या सहीने झालेच, तो भाग वेगळा. पण एका मुसलमानाच्या मागोमाग एक तमिळ खुर्ची सोडतो, हे कोणत्या जनगणनेच्या खान्यात भरायचे?

सगळे गोडच आहे असे मात्र नाही. आजवर हिंदू नसलेला एकच पंतप्रधान झाला, पॉल बेरांजे, तोही 2003 ते 2005. नोटांवर तमिळ वर की हिंदी वर, यावरून 1998 मध्ये इतका गदारोळ झाला की छापलेल्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. पुढल्याच वर्षी काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि देश दंगलीत होरपळला.

भाषेची गोष्ट तर मला, उर्दू शाळेच्या मास्तरणीला, सर्वांत जास्त टोचली. तिथल्या प्राथमिक शाळांत उर्दू शिकवतात. हिंदी, तमिळ, तेलुगू, चिनी, अरबी शिकवतात, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातून गेलेल्या गिरमिटियांच्या वंशजांसाठी मराठीही शिकवतात. वाचून छाती फुगली. पण यातली बहुतेक मुले घरी बोलतात क्रिओल! बाजारात, भांडणात, लग्नात सगळ्यांची भाषा तीच. जी बोली हिंदू, मुसलमान, चिनी अशा सगळ्यांना रोज एकमेकांशी बांधते, तिला शाळेत ऐच्छिक विषय म्हणून जागा मिळाली ती 2012 मध्ये, स्वातंत्र्यानंतर 44 वर्षांनी. संसदेची अधिकृत भाषा तर राज्यघटनेने इंग्रजी ठरवली. पूर्वजांच्या भाषांना मान, आईच्या भाषेला दाराबाहेर उभे केले. का? तर ती कोणत्याच खान्यात बसत नव्हती.

हे लिहिताना माझे बोट माझ्याकडेही वळते. जूनमध्ये प्रवेशाचे फॉर्म भरायचे काम माझ्याकडे असते. मागच्या वर्षी पहिलीला एक मुलगा आला, अब्बांचा हात धरून. मी विचारले, 'बेटा, घर में क्या बोलते हो?' तो गप्प. अब्बा म्हणाले, 'आमी कोकणीच बोलताव, मॅडम.' मातृभाषेच्या रकान्यात मी सवयीने 'उर्दू' लिहिले होते. शाई वाळलीसुद्धा होती.