मोटारीचे नाक

दिवाळी तोंडावर आली की मध्यमवर्गीय घरात दोन याद्या तयार होतात. एक वाण्याची, दुसरी गॅरेजवाल्याची. पहिलीतले सारे जिन्नस ओळखीचे असतात. रवा किती, तूप कुठले, यावर घरातले शेंबडे पोरही अधिकारवाणीने बोलू शकते. दुसऱ्या यादीत मात्र अलीकडे एक आगंतुक वरचेवर दिसू लागला आहे. त्याचे नाव ऑक्सिजन सेन्सर. गाडीने लाखभर किलोमीटर ओलांडले की स्वारी यादीत येऊन बसते, आणि तिच्यासमोरची चार आकडी रक्कम पाहून यजमानांचा चेहरा उतरतो.

मराठीच्या प्राध्यापिकेने या भानगडीत का पडावे, असे तुम्ही म्हणाल. कारण सोपे आहे. आमची गाडी एक लाख वीस हजार किलोमीटर धावली आहे आणि घरातला पगार काही तितका धावलेला नाही.

हा सेन्सर म्हणजे मोटारीचे नाक. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर काजळी आणि विषारी वायू. जास्त झाली तर इंजिन रडते. म्हणून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत हे नाक बसवलेले असते. आत झिर्कोनियाची, म्हणजे एका जातीच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची, टोपी. तिच्या एका अंगाला जळलेला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची स्वच्छ हवा. धुरात प्राणवायू उरला नसेल तर ती सुमारे ०.९ व्होल्ट दाब देते, भरपूर उरला असेल तर ०.१. तेवढ्या खुणेवर गाडीतला संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ साली व्होल्वो गाड्यांत प्रथम आला. तीनशे अंशांच्या आसपास तापल्याखेरीज हे नाक उघडत नाही. म्हणून पुढे त्याच्या पोटात छोटी शेगडीही बसवली गेली.

आता मुख्य प्रश्न : हे नाक बदलायचे कधी? जुन्या, बिनशेगडीच्या सेन्सरचे आयुष्य साधारण ५० ते ८० हजार किलोमीटर धरतात. शेगडीवाल्याचे एक लाख ते एक लाख साठ हजार. पण हे आकडे म्हणजे पंचांगातला मुहूर्त नव्हे. सेन्सर बहुधा एकाएकी मरत नाही, तो मंदावतो. पेन्शनीत निघालेल्या आजोबांना "चहा घेणार का?" विचारावे आणि उत्तर यायच्या आत चहा गार व्हावा, तशी त्याची गत होते. उत्तर बरोबर असते, पण उशिरा येते. तोवर जास्तीचे पेट्रोल जळून गेलेले असते. ॲव्हरेज हळूहळू उतरते, सिग्नलला उभी गाडी थरथरते, नळीच्या तोंडाशी काजळी धरते, पीयूसीवाला मान हलवतो.

आणि इंजिनाचा पिवळा दिवा? तो लागला म्हणजे सेन्सर गेलाच, असेही नाही. गेल्या वर्षी आमचा दिवा लागला. "बाई, सेन्सर गेला. लाख झाले ना!" मेस्त्री म्हणाले. मी विचारले, "कोणता? पुढचा की मागचा? आणि मशीनवर आलेख कसा दिसतोय?" मेस्त्री सज्जन, त्यांनी मशीन लावले. पुढचा सेन्सर चपळपणे वरखाली नाचत होता, पण सारखे 'हवा जास्त' असेच सांगत होता. शोधता शोधता कळले, की सेन्सरच्या अलीकडचे पॅकिंग फाटून बाहेरची हवा आत शिरत होती. नाक खरे बोलत होते, आणि शिक्षा मात्र नाकालाच व्हायची होती! पॅकिंग बदलले, दिवा विझला.

यंदा जूनमध्ये पुन्हा दिवा लागला. या वेळी कोड आला पी ०१३३, म्हणजे सेन्सरचे उत्तर मंद. आलेखही सुस्तावलेला. तेव्हा मीच म्हटले, "मेस्त्री, बदलून टाका." इथे काटकसर करणे म्हणजे दमडीसाठी म्हैस गमावणे. कारण जास्तीचे पेट्रोल पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, तो तापून आतून वितळू शकतो. आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्याने त्याची किंमत सेन्सरच्या कैक पट असते. शिवाय तो धूर आपल्याच गल्लीत, शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांच्या नाकात जातो. त्यांची नाके बदलून मिळत नाहीत.

म्हणून मेस्त्रींना एवढे विचारावे : कोड कोणता? पुढचा सेन्सर की मागचा? पुढच्याचा आलेख नाचरा हवा, मागच्याचा स्थिर. मागचाही नाचू लागला तर संशय कन्व्हर्टरवर घ्यावा. (काही नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर निराळ्या जातीचा असतो, त्याला हा नाचाचा नियम लागू नाही.) कुठे गळती आहे का? इंजिन ऑइल पीत असेल, कूलंट आत झिरपत असेल, तर आधी ते थांबवावे. नाही तर नवे नाकही तेच विष हुंगून बसेल. पूर्वी पेट्रोलातले शिसेही त्याचा जीव घेई. ते आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले. आणि नवा सेन्सर घ्यावा तो आपल्या गाडीच्याच मापाचा, त्याच जोडणीचा. पुष्कळ सेन्सर आपल्या वायरीतूनच स्वच्छ हवा घेतात, म्हणून ती कापून डाग देणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे.

वाण्याला "रवा बारीक की जाडा?" विचारताना आपल्याला संकोच वाटत नाही, मग गॅरेजातच का वाटावा? विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला चांगला मेस्त्री मान देतो, असा माझा अनुभव आहे. दिवाळीत दिवे हौसेने लावावेत. गाडीतला तो पिवळा दिवा मात्र का लागला हे विचारून घ्यावे, आणि मगच खिशात हात घालावा.